पोरीने रांग मोडून कॉल लावला, तिला ओरडू की शाबासकी देऊ?

सर्व्हिसवाला_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत माझी फ्रिज-वॉशिंग मशीन-एसीची सर्व्हिस एजन्सी आहे, एका कंपनीचं ऑथोराइज्ड सेंटर (नाव नको). टेक्निशियन पोरं ९, फोनवर दोघी, स्पेअरच्या खोलीत एक जण आणि मी. प्रश्न धंद्याचाच आहे पण नुसता हिशेबाचा नाही म्हणून इथे टाकतोय.

मे महिना म्हणजे आमची दिवाळी पण तीच आणि शिमगा पण तोच. कंपनीच्या अ‍ॅपवर प्रत्येक कॉलला (म्हणजे दुरुस्तीच्या तक्रारीला) वेळ बांधून दिलेली असते, ती उलटली की त्या कॉलचे पैसे कापतात आणि वेळेत झालेल्या कॉलचा महिन्याचा टक्का घसरला की इन्सेन्टिव्ह पण जातो. त्यामुळे आमच्याकडे साधा नियम आहे, वॉरंटीतले आणि एएमसीवाले (वर्षाचा देखभालीचा करार केलेले) आधी, वॉरंटी संपलेले मागे, मे मध्ये त्यांना तिसरा दिवस उजाडतो.

तर मागच्या आठवड्यात विश्रामबागच्या एका आजींचा फोन आला. फ्रिज बंद, वॉरंटी केव्हाच संपलेली. फोनवरच्या मुलीने तिसऱ्या दिवसाची वेळ दिली, तर आजी फोन ठेवेनात, बोलता बोलता कळलं की इन्सुलिनच्या नवीन कुप्या फ्रिजमध्ये आहेत आणि मुलगा बाहेरगावी. मुलीने काय केलं, आजींना म्हणाली कुप्या पिशवीत घट्ट बांधून माठाला टेकवून ठेवा, आणि कुपवाडला निघालेल्या पोराला फोन करून वाटेतूनच तिकडे वळवला. मला विचारलं नाही. पोराने बघितलं तर रिले गेलेली, स्वस्तातला पार्ट, चहा होईपर्यंत फ्रिज सुरू.

पण त्यात वॉरंटीतले दोन एसीचे कॉल उलटले. त्यातला एक कस्टमर शोरूमवाला, संध्याकाळी दुकानात आला, काउंटरवर हात आपटला आणि त्या मुलीला नको ते बोलला. वर एक स्टार. दुसऱ्या दिवशी एरिया मॅनेजरचा मला फोन, कारण काय लिहू म्हणून.

माझा मेव्हणा पार्टनर आहे, तो म्हणतो तिच्या पगारातून कापा म्हणजे बाकीच्यांना चाप बसेल. मला ते पटत नाही, पण शाबासकी दिली तर उद्या प्रत्येकजण आपल्या मर्जीने रांग मोडणार ही भीती पण आहे. आणि हे जे सगळे म्हणतात ना, आधी माणसं मग धंदा, हे आमच्यासारख्या लहान दुकानाला झेपतं का? का ते पोट भरलेल्यांचं काम? भाषण नको, कुणी करून बघितलेलं सांगा.

---

हेडसेट_उतरवला

दादा, पगार कापू नका. आधी हेच.

मी पुण्यात बरीच वर्षं कॉल सेंटरला काढली. आमच्या स्क्रीनवर एक आकडा सारखा पळत असायचा, सरासरी कॉल किती वेळ चालला त्याचा. समोरची बाई रडत असली तरी नजर त्या आकड्यावर. आणि तोंडात दिलेलं वाक्य, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत". अहो घरात कोण बोलतं असं मराठी? ऐकणाऱ्याला दुसऱ्या शब्दालाच कळतं की ही वाचतेय, आणि मग तो अजूनच भडकतो.

लोकांना वाटतं शिव्या खाऊन मुली नोकरी सोडतात. शिव्यांची सवय होते हो. सवय कशाची होत नाही तर सगळं ऐकायचं, समजायचं पण, आणि हातात काहीच नसायचं. दीडशे रुपयांचा चार्ज परत द्यायचा तर तीन जणांच्या मंजुरीला पाठवा आणि तोवर कस्टमरला "आपली तक्रार नोंदवली आहे" सांगत बसा. माणूस आतून कोरडा होतो त्यात. तुमची मुलगी अजून कोरडी झालेली नाही, हे सोनं आहे, तुम्ही त्याला दंड लावायला निघालात.

रिट्झ-कार्लटन हॉटेलांचं उदाहरण सगळीकडे देतात, तिथे कुठल्याही कर्मचाऱ्याला एका पाहुण्याची अडचण सोडवायला २००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा असते, साहेबाला न विचारता. रक्कम सोडा, आपल्याला काय करायचीय. मुद्दा असा की ठरवण्याचा हक्क ज्याच्या कानावर तक्रार पडते त्याला दिलाय. तुम्ही तिला रोजचे दोन कॉल द्या, तिच्या मर्जीचे. सकाळी रूट लावताना तेवढी जागा मोकळीच ठेवायची. मग रांग मोडली असं होणारच नाही ना, रांगेतच ती जागा आहे.

आणि एक विचारू का, तो शोरूमवाला काउंटरवर बोलत होता तेव्हा मध्ये कोण उभं राहिलं? आमची एक टीम लीडर होती, शिवीगाळ सुरू झाली की येऊन हेडसेट स्वतःच्या कानाला लावायची आणि म्हणायची आता माझ्याशी बोला. तिच्या टीममधलं कुणी सोडून जायचं नाही. बाकी तिने आम्हाला कधी केक वगैरे आणला नाही, टार्गेटला पण कडकच होती.

---

औषधवाला_मिरज

मूळ विषय नाही पण आजींसाठी सांगतो. सील न फोडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं, वापरात असलेली कुपी बहुतेक वेळा चारेक आठवडे बाहेर चालते पण सावलीत आणि गार जागी, आपल्याकडच्या मे मध्ये ओट्यावर ठेवली तर कामातून गेली. माठाची आयडिया चांगली होती, तात्पुरती. बर्फाला मात्र चिकटवून ठेवू नका, गोठलं की टाकून द्यायचं. मुलीला माझ्याकडून शाबास सांगा.

---

वाडीचा_म्हातारा

सर्व्हिसवाले भाऊ, "पोट भरलेल्यांचं काम" हे वाक्य जरा टोचलं म्हणून लिहितोय. आमचं गाव पलूसच्या बाजूला, किर्लोस्करवाडीचा भोंगा ऐकत मोठा झालो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला तेव्हा त्यांच्याकडे काही पोतं भरून पैसा नव्हता. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली, कर्ज दिलं, आणि १९१० ला त्या निवडुंगाच्या माळावर वस्ती सुरू झाली. साप-विंचवाचं रान. तिथे ह्या माणसाने काय केलं, तर चोर-दरोडेखोर म्हणून ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांनाच रखवालीला ठेवलं. आणि वस्तीत शिवाशिव पाळायची नाही हा दंडक घातला, त्या काळात! लोखंडी नांगराला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, शेतकरी म्हणायचे लोखंडाने जमीन नासते. म्हणजे धंदा अजून उभा राहायचा होता आणि हे चालू होतं.

जमशेदपूरचं पण तेच बघा. टाटांच्या कारखान्यात पहिलं पोलाद निघालं १९१२ ला, आणि आठ तासांची पाळी लागू झाली ती पण १९१२ लाच. फुकट औषधपाणी १९१५, भरपगारी रजा आणि प्रॉव्हिडंट फंड १९२०, बाळंतपणाचा लाभ १९२८. सरकारचा फॅक्टरी कायदा १९४८ चा आणि पीएफचा कायदा १९५२ चा, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं आधी. नफा साठला मग वाटला असं नाही झालेलं.

आता खरं सांगायचं तर ह्याच जमशेदपुरात १९२० ला संप झाला, १९२२ ला झाला आणि १९२८ ला तर मोठाच झाला. सोयी दिल्या म्हणजे माणसं मुकाट बसतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माणसाला माणसासारखं वागवलं की तो उलट जास्त बोलायला लागतो, मागायला लागतो. ते ऐकून घ्यायची तयारी असेल तरच ह्या वाटेला जा. मेव्हण्यांना पण हे आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

---

पुणेरी_ठोसा

सगळे गहिवरलेत, आता मी जरा विघ्न आणतो. (हो, पुणेकर. दुपारी बंद असतो.)

एक, रांग ही पण दयाच असते. ज्याची ओळख नाही, ज्याला फोनवर गोड किंवा केविलवाणं बोलता येत नाही, त्याचा वाली फक्त रांग. त्या दोन एसीवाल्यांपैकी दुसरा कोण होता हे तुम्ही लिहिलंच नाही. त्याच्या घरी चार महिन्यांचं बाळ असेल, पण तो बिचारा बोलला नसेल. फोनवर जो जास्त वेळ चिकटून राहील त्याचं काम आधी, असा अलिखित नियम झाला तर रडणाऱ्यांचं राज्य येईल. त्यामुळे इमर्जन्सी ठेवा, पण काय काय इमर्जन्सी ते लिहून काढा आणि प्रत्येक कॉलला विचारा. औषध फ्रिजमध्ये आहे का, घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे का. दोन प्रश्न. न सांगणाऱ्यालाही विचारलं पाहिजे.

दोन, ही दया कुणाच्या खिशातून झाली? त्या पोराने कुपवाडची वाट सोडून विश्रामबाग गाठलं, पेट्रोल कुणाचं? रात्री उलटलेले कॉल करायला तोच गेला असणार, त्याचा ओव्हरटाइम? दया मालकाच्या नावावर आणि घाम पोरांचा असं बऱ्याच ठिकाणी बघितलंय मी. भिंतीवर "आमची माणसं हीच आमची संपत्ती" आणि पगार बावीस तारखेला.

तीन, आधी माणसं म्हणणाऱ्यांचा पोस्टर बॉय म्हणजे अमेरिकेची साउथवेस्ट एअरलाइन्स. त्यांचे हर्ब केलहर उघड सांगायचे की आधी कर्मचारी, ते खूष तर प्रवासी खूष, प्रवासी परत येतील, मग भागधारक खूष. आणि खरंच कित्येक दशकं चाललं ते, ११ सप्टेंबर २००१ नंतर बाकीच्या मोठ्या विमान कंपन्या हजारोंनी माणसं काढत होत्या तेव्हा ह्यांनी काढली नाहीत. पण डिसेंबर २०२२ मध्ये बर्फाचं वादळ आलं, ड्युट्या लावायची त्यांची सिस्टिम जुनाट, ती कोलमडली आणि १६ हजारांच्या वर फ्लाइट्स रद्द. कुठला पायलट कुठे आहे हे कंपनीलाच कळेना. युनियनवाले आधीपासून ओरडत होते की सिस्टिम बदला. आणि फेब्रुवारी २०२५ ला ऑफिसातली १५ टक्के माणसं कमी केली, पहिल्यांदाच एवढी मोठी कपात. सांगायचं काय, नुसत्या प्रेमाने फ्लाइट उडत नाही. पोरांवर माया असेल तर आधी तुमचा रूट लावायचा एक्सेल नीट करा.

पगार कापू नका हे मात्र मलाही मान्य. एकदाच सहमत होतोय, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

---

फ्रंटऑफिस_मालवण

ठोसाभाऊंची दुसरी गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. मी हॉटेल लाइनमधली, त्यामुळे ताजचं नाव निघणार हे ठरलेलंच, पण ते नेहमी अर्धंच सांगितलं जातं.

२६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या ताजमध्ये कर्मचाऱ्यांनी काय केलं सगळ्यांना माहितीय. मागचे रस्ते, किचनचे जिने त्यांना पाठ होते, निघून जाता आलं असतं. ते थांबले, पाहुण्यांना आधी बाहेर काढलं, किचनचे लोक पाहुण्यांभोवती कडं करून उभे राहिले आणि त्यातले कितीतरी गेले. जनरल मॅनेजर करमबीर कांग यांची बायको आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर आगीत गेली आणि ते खाली काम करत राहिले. हे वाचलं की पोटात कालवतं. पण लोक हे सांगून म्हणतात बघा, निष्ठा अशी पाहिजे. अहो निष्ठा मागून मिळते का?

नंतर ह्याच्यावर हार्वर्डच्या लोकांनी अभ्यास केला तेव्हा जी माहिती बाहेर आली ती माझ्या मते जास्त कामाची. एक म्हणजे ताजवाले भरती करताना मोठ्या शहरांपेक्षा लहान गावांतली पोरं बघायचे, आणि मार्कांपेक्षा घरच्यांशी, शिक्षकांशी कसा वागतो ते. दुसरं म्हणजे ट्रेनिंग, बाकी हॉटेलांत साधारण वर्षभर तिथे दीड वर्ष. आणि शिकवायचे काय, तर तू कंपनीचा वकील म्हणून पाहुण्यासमोर उभा राहू नकोस, पाहुण्याचा वकील म्हणून कंपनीसमोर उभा राहा. तुमच्या मुलीने नेमकं हेच केलं की.

हल्ल्यानंतर टाटांनी ट्रस्ट काढला, आणि तो फक्त आपल्या स्टाफपुरता ठेवला नाही, हल्ल्यात सापडलेल्या बाहेरच्या गोरगरिबांना पण मदत झाली. अशा घरातला माणूस कस्टमरशी कसा वागेल हे वेगळं शिकवायला लागत नाही.

आता माझं म्हणणं. तुमच्या लहान दुकानात कुणी जीव द्यायला नकोय. महिन्याला पगार १ तारखेला, घरात आजारपण असलं तर न टोमणे मारता सुट्टी, आणि कस्टमरसमोर कधीही स्टाफला झापायचं नाही. नंतर केबिनमध्ये काय ते बोला. तेवढं केलं तरी मागच्या साइटवर मी बघितलंय, माणसं हलत नाहीत.

---

सर्व्हिसवाला_सांगली

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. हेडसेट ताई, मध्ये मीच उभा राहिलो होतो, त्याला बाहेर घेऊन गेलो, चहा पाजला. पण मुलीला बोलल्याबद्दल त्याने सॉरी म्हणावं असं काही मी म्हटलं नाही, मोठा कस्टमर आहे, त्याच्या तीन दुकानांची एएमसी आमच्याकडे आहे.

ठोसाभाऊ, दुसरा एसीवाला शिक्षक होता, त्याने काही तक्रार केली नाही. त्या पोराला पेट्रोल मिळतं पण कंपनीच्या रूटप्रमाणे, त्यामुळे विश्रामबागचा फेरा त्याच्याच खिशातून. हे खरंय, माझ्या लक्षात आणून दिलंत. पगार १ ला नाही पण ५ च्या आत होतो.

---

पाना_आणि_मीटर

मी टेक्निशियन आहे, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीचा. मालक लोक बोलले, हॉटेलवाले बोलले, आता आमचं ऐका.

मे मध्ये आम्हाला दिवसाला बारा-तेरा कॉल लावतात. एका एसीची सर्व्हिस नीट करायची म्हटलं तर इनडोअरची जाळी, कॉइल, ड्रेनचा पाइप फुंकून मोकळा करणे, आउटडोअरला प्रेशर मारणे, गॅस चेक, तासभर तरी जातो. बारा कॉल कसे बसवणार? मग जाळी धुतो, वरवर फडका मारतो, ड्रेन सोडून देतो आणि हॅपी कोड (काम झालं म्हणून कस्टमरने द्यायचा नंबर) मागतो. आठ दिवसांत भिंतीवरून पाणी ओघळतं, रिपीट कॉल. त्याचे पैसे आमचेच कापतात आणि कस्टमर म्हणतो चोर आहेत हे लोक. चोर नाही हो, घाईत आहोत.

आणि ते पाच स्टार. कस्टमरच्या दारात उभं राहून "मॅडम पाचच्या पाच द्या, चार दिले तरी आमचं कटिंग होतं" असं म्हणताना कसं वाटतं ते एकदा येऊन बघा. भीक मागितल्यासारखं. कस्टमरला पण अवघडतं. एक काकू आहेत, त्या कोड देतात आणि म्हणतात तूच दाबून टाक बाबा किती ते.

काही सोसायट्यांत आम्हाला लिफ्ट नाही, जिन्याने जायचं, खांद्यावर गॅसचा सिलेंडर. पण ते पण चालतं. चालत नाही ते आउटडोअर युनिटचं. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर फूटभर कट्टा, त्यावर उभं राहून पाना चालवायचा, एक हात ग्रिलला. बेल्ट मागितला की सांगतात कंपनीकडे इंडेंट (मागणी) टाकलंय. साहेब, आधी माणसं असं म्हणायचं असेल तर तिथून सुरू करा. फोनवाल्या ताईंची शाबासकी होईल नंतर.

ताईंनी त्या पोराला फोन करून वळवला आणि तो गेला, हे बघा. कुरकुर केली असेल पण गेला. आम्हाला पण आवडतं असं काम, आजीचा फ्रिज सुरू झाला की त्या जे बोलतात ते अ‍ॅपमध्ये येत नाही.

---

हेडसेट_उतरवला

पाना भाऊ, दंडवत.

---

पुणेरी_ठोसा

हे वर चिकटवा रे कुणीतरी. बारा कॉलचा हिशेब बघा सर्व्हिसवाले, आठ कॉल लावून रिपीट वाचले तर ते स्वस्त पडतं का महाग हे एका महिन्याच्या डेटावर काढता येईल, तुमच्याकडे अ‍ॅपमध्ये सगळं आहेच. मेव्हण्यांना भावनेपेक्षा हे पटेल.

---

सर्व्हिसवाला_सांगली

काल बसलो सगळ्यांबरोबर, दुकान अर्धा तास आधी बंद केलं. ठरलेलं सांगतो.

कापाकापी नाही. रोज सकाळी दोन कॉलची जागा रिकामी, ती दोघींच्या हातात, औषध-बाळ-आजारी माणूस हे तीन प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. माझी परवानगी नको पण ज्याचा कॉल पुढे ढकलला त्याला तिनेच लगेच फोन करून खरं कारण सांगायचं. त्या शिक्षकाला तिने परवा फोन केला तर तो म्हणाला मला आधीच सांगितलं असतं तर मीच म्हटलं असतं जा म्हणून. वळवलेल्या फेऱ्याचं पेट्रोल दुकानाचं. एसीचे कॉल माणशी आठच्या वर लावणार नाही, एक महिना करून बघतो, टक्का घसरला तर एरिया मॅनेजरच्या शिव्या मी खाईन. मेव्हणा अजून गप्प आहे, एक्सेल मागतोय.

शोरूमवाल्याची एएमसी जूनमध्ये संपते. रिन्यूअलला मी स्वतः जाणार आहे आणि बोलणार आहे, काय होईल ते होईल. मुलीने विचारलं मी येऊ का बरोबर, तिला नको म्हटलं.

पाना भाऊ, बेल्ट कुठला घ्यायचा ते सांगा. कंपनीची वाट बघत नाही, ९ घेऊन टाकतो.

---

पाना_आणि_मीटर

फुल बॉडी हार्नेस म्हणून मागा, खांदा आणि मांड्यांना दोन्हीकडे पट्टे असलेला, बरोबर दोरी आणि हुक. नुसता कमरेचा पट्टा घेऊ नका, पडलं तर त्यानेच मणका मोडतो. एमआयडीसीत सेफ्टीचं सामान विकणारे असतात तिथे मिळेल, आयएसआयचा शिक्का बघून घ्या. आणि हुक कुठे अडकवायचा ते पोरांना आधी दाखवा, खिडकीच्या ग्रिलला अडकवतात आणि ग्रिलच चार स्क्रूवर उभं असतं.